फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर "पाच वर्षं, ५६ टक्के" : याचा अर्थ घरी काय सांगायचा?

काटोल_नाका | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तीस वर्षं बिडी ओढली, बारा वर्षांपूर्वी सोडली. जानेवारीत खोकला सुरू झाला. एक्सरेवर डाग दिसला म्हणून आधी दोन महिने टीबीच्या गोळ्या चालल्या, थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी. मग सीटी, बायोप्सी, पेट स्कॅन, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात उजव्या फुफ्फुसाचा खालचा लोब (भाग) काढला. सर्जन म्हणाले, "फर्स्ट क्लास झालं, सगळं काढलं." त्यापलीकडे काही नाही.

रिपोर्ट आला, कॅन्सर, स्टेज दोन-बी. रात्री नेटवर बसलो. एका तक्त्यात दोन-बीला पाच वर्षांनी शंभरातले ५६ जिवंत. एका कॅल्कुलेटरमध्ये वय, गाठ वगैरे भरलं तर ६१. दुसऱ्यात ४८. एकच पेशंट, तीन दुकानांत तीन भाव.

आता खरी अडचण. काटोलजवळ आमची साडेतीन एकर. जुनी संत्र्याची बाग डिंक्या रोगानं (खोडातून डिंक गळून झाड मरतं) गेली, झाडं काढून दोन वर्षं झाली. या पावसाळ्यात नवी लावायची म्हणून बाबांनी दिवाळीतच नर्सरीत ३८० कलमांचा इसार दिलाय. संत्र्याला धड पीक यायला पाच-सहा वर्षं लागतात. परवा मी टाक्यांवरची पट्टी बदलत होतो तर सरळ विचारलं, "डॉक्टर पाच वर्षांचं का म्हणून राहिले? तेवढं सांग, मग कलमांचं पाहू."

मी म्हटलं, रिपोर्ट यायचा आहे. रिपोर्ट माझ्या खिशात होता.

यातला कुठला आकडा धरायचा? आणि धरला तर त्यांना सांगायचा का?

झिरो_माइल | १२ जून, रात्री ११:०२

बाबांना लवकर आराम पडो. वाचतेय. जाणकार येतीलच.

बर्डीवाला | १२ जून, रात्री ११:१५

भाऊ, नेटवरचे कॅल्कुलेटर अन् आपल्या बर्डीवरचे जीन्सवाले सारखेच. पाठ फिरवली का भाव बदलते. टेन्शन नको घेऊ. काकाजींले लावू दे बाग.

स्लाइडवाली | १३ जून, सकाळी ७:५०

मी पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, त्यामुळे पेशंटपेक्षा त्यांचे तुकडेच जास्त ओळखीचे.

नुसतं "दोन-बी" म्हणजे गावाचं नाव झालं, घराचा पत्ता नाही. रिपोर्टचं शेवटचं पान काढा आणि एवढं इथे लिहा: गाठ किती सेंटिमीटर, कुठल्या प्रकारची, फुफ्फुसाचं आवरण भेदलं का, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, रक्तवाहिन्या-लसवाहिन्यांत पेशी दिसल्या का. आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नाही ते: लिम्फ नोड (लसगाठी) किती तपासले, त्यात किती बाधित, कुठल्या ठिकाणचे. दोन नोड बघून "नोड निगेटिव्ह" लिहिलेला रिपोर्ट आणि पंधरा बघून लिहिलेला, दोन्हीतली अक्षरं तीच असतात. पण घराच्या दोनच खोल्या बघून उंदीर नाही म्हणणाऱ्यावर तुम्ही किती विश्वास ठेवाल?

काटोल_नाका | १३ जून, सकाळी ९:२०

लिहितो. ॲडेनोकार्सिनोमा. ३.८ सेंमी. आवरण भेदलेलं नाही. कडा स्वच्छ. लसवाहिन्यांत पेशी: "प्रेझेंट". नोड १४ तपासले, २ बाधित, दोन्ही फुफ्फुसाच्या मुळाजवळचे. मधल्या भागातले म्हणजे मेडियास्टायनमचे सगळे स्वच्छ. ईजीएफआरची (गाठीतल्या एका जनुकातल्या बदलाची) तपासणी बाहेर पाठवली आहे.

स्लाइडवाली | १३ जून, दुपारी १:३५

छान. म्हणजे सर्जननं नोड नीट काढलेत, त्याला मनातल्या मनात धन्यवाद द्या. तोंडानं बोलला नसला तरी हातानं काम केलंय.

३ ते ४ सेंमीची गाठ आणि मुळाजवळचे नोड म्हणजे टी-टू-ए, एन-वन (टी गाठीसाठी, एन नोडसाठी). दोन-बी बरोबर आहे. २०२५ पासून स्टेजिंगची नववी आवृत्ती आली, तिच्यातही दोन-बीच. तुम्ही पाहिलेला ५६ हा आठव्या आवृत्तीच्या तक्त्यातला. त्यात एक-ए-वनला ९०, एक-बीला ७३, दोन-एला ६५, दोन-बीला ५६, तीन-एला ४१ असा उतार आहे. हे ऑपरेशननंतर प्रत्यक्ष गाठ कापून ठरवलेल्या स्टेजचे आकडे. ऑपरेशनआधी स्कॅनवरून ठरवलेल्या स्टेजचा तक्ता वेगळा असतो, त्यात दोन-बीला ५३. तुमच्या दुकानांतला फरक कदाचित इथूनच सुरू होतो.

आणि ते पेशंट कधीचे? १९९९ ते २०१० मध्ये निदान झालेले, ९४ हजारांवर, आणि त्यातले फार मोठ्या संख्येनं जपानचे. म्हणजे तुमच्या बाबांचं भविष्य तुम्ही वीस वर्षांपूर्वीच्या जपानी माणसाच्या रेकॉर्डवरून वाचताय.

पत्रिकाप्रेमी | १३ जून, दुपारी २:१०

जन्मवेळ असेल तर व्यक्तिगत निरोप करा. अष्टमेश कुठे आहे ते पाहून सांगतो. शुल्क नाही.

बर्डीवाला | १३ जून, दुपारी २:१४

घ्या, चौथं दुकान उघडलं.

महालातला_विमेवाला | १३ जून, सायंकाळी ६:००

मी तीस वर्षं विमा विकतोय. आमच्याकडे मृत्युदराचं कोष्टक असतं. ६७ वयाच्या हजार माणसांतली वर्षभरात साधारण किती जातील हे त्यात दिसतं, आणि कंपनीचा धंदा त्यावर बिनघोर चालतो. पण त्या हजारातला कोण, हे विचारलं की आमचे ॲक्च्युअरी (ही कोष्टकं मांडणारे) सुद्धा वर बघतात. गिऱ्हाईक विचारतं, "मी केव्हा मरीन?" मी सांगतो, तुम्ही हप्ता केव्हा चुकवाल ते सांगा, त्याच्यानंतर आठ दिवसांनी.

आकडेमोड | १३ जून, रात्री ९:४५

विमेवाले काकांनी अर्धं काम केलं. उरलेलं मी करतो. संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

असे आकडे कॅप्लन आणि मायर यांच्या १९५८ च्या पद्धतीनं काढतात. जे अजून जिवंत आहेत किंवा मध्येच फॉलोअप सोडून गेले, त्यांना फेकून न देता जितके दिवस दिसले तितके दिवस मोजायचे. दर मृत्यूला रेघ एक पायरी खाली उतरते. पाचव्या वर्षी रेघ ५६ वर असेल तर तो झाला तुमचा आकडा. म्हणजे तो गर्दीचा आकडा आहे. नागपूरचं वर्षाचं सरासरी तापमान २७ च्या आसपास आहे, म्हणून तुम्ही मे महिन्यात कूलर काढून ठेवता का?

कॅल्कुलेटरवाले एक पाऊल पुढे जातात. वय, लिंग, प्रकार, गाठ, नोड असे सगळे घटक घेऊन प्रत्येकाला गुण देतात, बेरीज करतात. चीनमधल्या सहा हजारांवर ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर २०१५ मध्ये असं एक प्रसिद्ध झालं होतं, त्यात किती नोड तपासले हाही घटक होता (स्लाइडवालींचा उंदीर!). मग हे किती चांगलं? त्याला सी-इंडेक्स नावाचं माप आहे. कुठलेही दोन पेशंट समोर उभे करा आणि विचारा, यातला आधी कोण जाईल. नाणं उडवलं तर शंभरात ५० वेळा बरोबर येईल. त्या मॉडेलचं बरोबर आलं साधारण ७१ वेळा. नुसत्या स्टेजवरून सांगितलं तर त्याहून थोडं कमी. म्हणजे नाण्यापेक्षा बरंच बरं, पण घरात बसून ६१ आणि ४८ मधल्या तेरा टक्क्यांवरून रात्र जागवावी इतकं धारदार हे हत्यार नाही.

आणखी दोन गोष्टी. त्या ४४ मध्ये हार्टॲटॅकनं गेलेले, रिंगरोडवर ट्रकखाली आलेले, सगळे असतात. कॅन्सर नसलेल्या ६७ वर्षांच्या शंभर माणसांचेही पाच वर्षांनी शंभर उरत नाहीत.

दुसरं, हा आकडा दगडावर कोरलेला नसतो. आजार परतायचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त. समजा (हे फक्त गणितासाठी) दोन वर्षांनी शंभरातले ८० आहेत आणि पाच वर्षांनी ५६. तर दोन वर्षं पार केलेल्या माणसाला पुढच्या तीन वर्षांसाठी ५६ भागिले ८०, म्हणजे ७० टक्के. बाबा जसे चालत राहतील तसा तक्ता मागून बदलत राहील.

झिरो_माइल | १३ जून, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. नाण्याचं उदाहरण पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

पावसाळी_ढग | १३ जून, रात्री ११:५०

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझ्या आईची स्टेज एक होती. आम्हाला "ऐंशी टक्के" सांगितलं. आम्ही पेढे वाटले, खरंच वाटले, हल्दीरामचा अर्धा किलोचा डबा वॉर्डात नेला होता. चौदा महिन्यांनी ती गेली. मेंदूत गेलं होतं. त्यानंतर मला कुणी टक्के सांगितले की मळमळतं. ज्याच्या घरी त्या उरलेल्या वीसांतला एक जातो त्याच्या घरी तो शंभर टक्के जातो. आकडेमोड यांचं सगळं बरोबर असेल. पण काटोल_नाका, तुम्ही ते बाबांना सांगू नका. ऐंशी सांगितल्यावर आम्ही वीसची तयारीच केली नाही. ५६ सांगितलं तर ते ४४ घेऊन बसतील.

आकडेमोड | १४ जून, सकाळी ६:३०

राग कसला. तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. "कूलर" वगैरे जरा जास्तच हसत लिहिलं मी.

सातबारा | १४ जून, सकाळी १०:१०

पावसाळी_ढग यांचं दुःख समजतं, पण माझं मत बरोब्बर उलटं.

आमच्या मोठ्या बाबांना (वडिलांचे थोरले भाऊ) घरच्यांनी काही म्हणजे काहीच सांगितलं नाही. "टीबीचंच आहे, बरं होते." ऑपरेशन झालं, वर्षभर बरे होते, मग परतलं. माणूस हुशार, पण घरात सगळेच हसरे चेहरे करून फिरत होते म्हणून तेही हसत राहिले. जमिनीची वाटणी, बहिणींचा हक्कसोड, सोसायटीचं कर्ज, सगळं तसंच राहिलं. आता तीन भाऊ, दोन बहिणी आणि एक वकील. वकिलाचं सोडून कुणाचंच भलं झालं नाही. त्यांना कुणी नुसतं म्हटलं असतं की "दाजी, सांगता येत नाही," तरी एका दुपारी तलाठ्याकडे जाऊन आले असते.

काटोल_नाका यांच्या बाबांनी तर स्वतःहून विचारलंय. विचारणाऱ्याला खोटं सांगणं म्हणजे त्याच्या वतीनं आपणच निर्णय घेणं.

परळ_वारी | १४ जून, दुपारी १२:४०

सहमत. अवांतर पण उपयोगाचं: दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटात जाणार असाल तर रेल्वेची कॅन्सर सवलत विसरू नका. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या, नुसता कागद नेऊ नका. आम्ही पहिल्या खेपेला कागद घेऊन गेलो आणि विदर्भ एक्सप्रेसनं हात हलवत परत आलो.

आता इथंच जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मानेवाडा रोडवर तुकडोजी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे. आमच्या वेळी एवढं नव्हतं. दुसऱ्या मतासाठी दरवेळी गाडीच पकडायला हवी असं नाही.

निसर्गोपचारी | १४ जून, दुपारी १:१५

गव्हांकुर, गोमूत्र अर्क आणि सीताफळाच्या पानांचा काढा. केमोची गरज पडत नाही. माझ्या परिचयातल्या अनेकांना

संपादक | १४ जून, दुपारी १:५५

वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. औषधं सोडायचा सल्ला या मंचावर चालणार नाही. पत्रिकेची चर्चाही इथे नको.

बर्डीवाला | १४ जून, दुपारी २:०१

सीताफळाचं झाड राहिलं बिचारं, त्याले तर राहू द्या.

पाऊण_फुफ्फुस | १४ जून, रात्री ८:३०

नावावरून कळलंच असेल. उजवा वरचा लोब काढून सहा वर्षं होतील नोव्हेंबरात. स्टेज दोन-ए होती.

मला वाटतं इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. एक, ऑपरेशनमधून माणूस उठणार का. दोन, उठल्यावर किती वर्षं काढणार. पहिल्याचा अंदाज फुफ्फुसाच्या ताकदीवरून लावतात, दुसऱ्याचा गाठीवरून. पहिला तुमचा झाला, काटोल_नाका, तो सोडून द्या.

तरी गंमत म्हणून सांगतो. माझ्या सर्जननं स्पायरोमेट्रीचा (फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजतात त्याचा) कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, चला. मला घेऊन जिना चढायला लागला. न थांबता २२ मीटर चढलात तर धोका कमी असं गणित असतं म्हणे, म्हणजे सात मजले. पाचव्या मजल्यावर तोच कठड्याला धरून उभा राहिला. मी वर जाऊन खाली आलो तरी तिथंच. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ऑपरेशन कोणाचं करायचं?

कागदावरचं गणितही सोपं आहे. फुफ्फुसाचे एकूण १९ भाग धरतात, उजवीकडे १०, डावीकडे ९. जितके काढायचे तितके वजा करा. तुमच्या बाबांच्या उजव्या खालच्या लोबात ५ असतात, म्हणजे १९ पैकी १४ उरले. जुनी एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोरानं फुंकलेली हवा) जी असेल तिला १४/१९ नं गुणा.

पहिली दोन वर्षं मी दर सीटीच्या आधी आठ दिवस घरातल्यांवर ओरडायचो. दर सहा महिन्यांनी. बायको कॅलेंडरवर त्या आठवड्याला "वादळ" लिहायची. आता वर्षातून एकदा सीटी, आणि वादळ दोन दिवसांचं.

काटोल_नाका | १४ जून, रात्री ९:१५

एफईव्ही-वन १.९ लिटर होती. १४/१९ म्हणजे बरोबर १.४. बाबा काल घरासमोरच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारून आले. सकाळी सहाला, तेव्हाच ३४ डिग्री होतं.

सगळ्यांचं वाचतोय. पावसाळी_ढग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मोर्शीची_लेक | १५ जून, सकाळी ८:२०

ईजीएफआरच्या रिपोर्टची वाट बघा, त्याआधी कुठलाच आकडा पक्का धरू नका. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी तंबाखू हातात धरली नाही, चूल मात्र पन्नास वर्षं फुंकली. स्टेज तीन-ए. ऑपरेशन, केमो, आणि ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं म्हणून ओसिमर्टिनिबची रोज एक गोळी. पावणेतीन वर्षं झाली.

त्या गोळीच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. ऑपरेशन झालेल्या, हा बदल असलेल्या एक-बी ते तीन-एच्या पेशंटांत पाच वर्षांनी गोळी घेणारे ८८ टक्के आणि न घेणारे ७८ टक्के जिवंत. स्लाइडवाली म्हणतात तो १९९९ ते २०१० चा तक्ता बनला तेव्हा ही गोळी कुणी घेतच नव्हतं. मग त्यात सासूबाई कुठे बसणार?

स्लाइडवाली | १५ जून, दुपारी १:१०

मुद्दा लाखमोलाचा. फक्त एक सावधगिरी: बिडी ओढणाऱ्यांत ईजीएफआर पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण कमी असतं. आशा ठेवा, पण तिच्यावर बाग लावू नका. केमो मात्र टाळू नका. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या पाच चाचण्यांतल्या साडेचार हजारांवर पेशंटांचा एकत्र हिशेब २००८ मध्ये निघाला, त्यात पाच वर्षांनी शंभरात साधारण पाच जण जास्त वाचलेले दिसले. पाच म्हणजे कमी वाटतात. त्या पाचांच्या घरच्यांना विचारा.

खर्राबंद | १५ जून, दुपारी ४:४५

धागा वाचून खर्राची पुडी कचऱ्यात टाकली. बघू किती दिवस टिकतो.

बर्डीवाला | १५ जून, दुपारी ४:५०

पाच दिवस जगण्याची शक्यता ५६ टक्के.

खर्राबंद | १५ जून, दुपारी ४:५२

बे चूप.

परळ_वारी | १६ जून, सकाळी ११:३०

कुणी हे म्हणत नाहीये म्हणून म्हणतो. डॉक्टर आकडा सांगत नाही याचा आपल्याला राग येतो, पण सांगतो तेव्हाही तो बऱ्याचदा गोडच सांगतो. २००० साली शिकागोत एक अभ्यास झाला होता, ऑपरेशनवाल्यांचा नाही, शेवटच्या टप्प्यातल्या, हॉस्पिसमध्ये दाखल ४६८ जणांचा. डॉक्टरांना विचारलं, हे किती दिवस काढतील? अंदाज सरासरी पाचपटीनं जास्त निघाले. आणि ज्या डॉक्टरची पेशंटशी ओळख जास्त जुनी, त्याचा अंदाज जास्त चुकला. माया आड येते. आमच्या फॅमिली डॉक्टरनं माझ्या भावाबद्दल "दोन-तीन वर्षं आरामात" म्हटलं होतं, स्वतः डोळे पुसत. म्हणून आकडा विचारायचा तर ऑन्कॉलॉजिस्टला विचारा, घरोबा असलेल्याला नको.

सातबारा | १६ जून, दुपारी १२:१५

आणि विचारताना "किती दिवस?" असं विचारू नका. "चांगलं गेलं तर काय, वाईट गेलं तर काय, आणि तुमच्या बघण्यात बहुतेकांचं काय होतं," असं तिन्ही विचारा. मोठ्या बाबांनंतर आईच्या वेळी मी असं विचारलं. डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली. तोपर्यंत तो उभाच होता.

पावसाळी_ढग | १६ जून, रात्री १०:४०

हे पटलं. आम्हाला फक्त "चांगलं गेलं तर" एवढंच सांगितलं होतं.

मोर्शीची_लेक | १७ जून, सकाळी ७:३०

बाय द वे, काटोल_नाका, बागेबद्दल कुणीच बोललं नाही! कलमं कशावरची आहेत? डिंक्यानं गेलेल्या जागेवर परत जंबेरी खुंटावरची (ज्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात तो खुंट) लावणार असाल तर थांबा. रंगपूर लाइम या दुसऱ्या खुंटावरची घ्या, ती डिंक्याला जास्त टिकतात. डोळा (कलम बांधलेली जागा) जमिनीपासून वीतभर वर ठेवा, बुडाशी पाणी साचू देऊ नका, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावा. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन या. आणि पहिली चार वर्षं तूर-हरभऱ्याचं आंतरपीक निघतंच की. पाच वर्षं नुसतं बघत बसायचं कोणी सांगितलं?

काटोल_नाका | ७ सप्टेंबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. उशिराबद्दल माफी, केमोचे चार सायकल चालू होते. परवा चौथा संपला. ईजीएफआर निगेटिव्ह आलं.

सांगितलं बाबांना. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या केमोच्या आधी. ऑन्कॉलॉजिस्टला सातबारा यांनी लिहिलं तसं तिन्ही विचारलं, बाबा बाजूलाच बसले होते. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शंभर जणांतले निम्म्याहून थोडे जास्त पाच वर्षांनी माझ्याकडे तपासायला येतात. तुम्ही त्यातले का, हे आज मला सांगता येत नाही. दोन वर्षांनी विचाराल तेव्हा जास्त नीट सांगता येईल."

मी आकडेमोड यांचं नाणं, कूलर, सगळं तयार ठेवलं होतं. गरजच पडली नाही. परत येताना बाबा व्हरायटी चौकात सिग्नलला म्हणाले, "म्हणजे नांग्यासारखंच झालं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कलमं लावली की काही मरतात, त्या रिकाम्या जागा परत भरायच्या, त्याला नांग्या भरणं म्हणतात. बाबा म्हणाले, "लावताना कोणतं मरते ते ब्रह्मदेवालेही सांगता येत नाही. पण किती जास्तीची आणून ठेवायची, ते मात्र सांगता येते." मग घरी येईपर्यंत काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर पेटीतून जमिनीचे कागद काढले आणि माझ्या बहिणीला वर्ध्याहून बोलावून घेतलं. तलाठी, बँक, सगळं तीन दिवसांत. एवढी घाई बघून आई रडली. तिच्यावरच रागावले, "मी कलमं घ्यायले चाललो, तू काऊन रडून राहिली?"

मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) गच्चीतून मिरवणूक दाखवली. खाली पोरं ओरडत होती, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की खोकल्याची उबळच आली. मग आम्हीच हसत सुटलो.

ऑगस्टमध्ये बाग लागली. ३८० ची ४२० आणली, नांग्यांसाठी. पावसात मी आणि चुलतभावानं लावली, बाबा बांधावर खुर्ची टाकून सूचना देत होते, मास्क लावून. एकाही कलमाचा डोळा मातीत जाऊ दिला नाही.

मोर्शीची_लेक, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला होता. संस्थेतही जाऊन आलो. निम्मी रंगपूरवरची घेतली. निम्मी जंबेरीवरचीच. म्हणतात, "तिले सांग, आमच्या काळ्या जमिनीत जंबेरीचं संत्र गोड होते."

मोर्शीची_लेक | ७ सप्टेंबर, रात्री १०:१०

गोड होतं, पण आधी झाड टिकलं पाहिजे ना! काकाजींना सांगा, जंबेरीच्या ओळीत पाणी झाडाच्या बुडाला नको, दुहेरी आळं करून बाहेरच्या आळ्यात सोडा.

काटोल_नाका | ७ सप्टेंबर, रात्री १०:३२

सांगितलं. म्हणतात, दुहेरी आळंच केलं आहे, फोटो पाठव तिले. सकाळी उजेडात काढून टाकतो.